उपकेंद्रांतील ब्रेकर आणि त्याची निगा

घरांत दिवा लावतांना माणसाचें लक्ष भिंतीवरच्या खटक्यापलीकडे जात नाहीं. खटका खालीं केला कीं दिवा लागतो, वर केला कीं विझतो. एवढ्यावर त्याचा विजेशीं असलेला व्यवहार संपतो. परंतु ही वीज घरापर्यंत येतांना वाटेंत आणखी कितीतरी खटक्यांतून येते, आणि ते खटके बोटानें दाबण्याजोगे नसतात. गांवाच्या कडेला तारेच्या कुंपणांत जें उपकेंद्र दिसतें, त्याच्या इमारतींत लोखंडी कपाटांची एक रांग असते. प्रत्येक कपाटांत प्रवाह जोडणारें व तोडणारें एक यंत्र, म्हणजे सर्किट ब्रेकर, बसविलेलें असतें. या कपाटांना व त्यांतील सर्व सामग्रीला मिळून स्विचगिअर म्हणतात. या सामग्रीची निगा कशी राखतात, ती बिघडली म्हणजे दुरुस्त कशी करतात, आणि हें काम करणाऱ्याचा जीव नेमक्या कोणत्या क्षणीं धोक्यांत येतो, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम दाबाविषयीं दोन शब्द. घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. इतक्या कमी दाबानें वीज लांबवर नेली तर प्रवाह फार मोठा ठेवावा लागतो, व तारा तापून पुष्कळशी वीज वाटेंतच वाया जाते. म्हणून महाराष्ट्रांत ती गांवोगांवीं ११,०००, २२,००० किंवा ३३,००० व्होल्ट दाबानें फिरवितात, आणि वस्तीजवळ आल्यावर रोहित्रानें तिचा दाब उतरवितात. या टप्प्याला यंत्रशास्त्रज्ञ 'मध्यम दाब' असें म्हणतात. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत मात्र 'मध्यम' हा शब्द ६५० व्होल्टांपर्यंतच्याच दाबाला लाविला होता, आणि त्यापुढें ३३,००० व्होल्टांपर्यंतचा दाब 'उच्च' मानला होता. नांवाचा हा घोटाळा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. कारण मध्यम म्हणजे सौम्य असा अर्थ कोणी घेतला तर तो प्राणघातक ठरेल. ११,००० व्होल्टांच्या उघड्या तारेला माणसानें स्पर्श करावाच लागतो असें नाहीं. तो पुरेसा जवळ गेला तरी वीज मधली हवा भेदून त्याच्यापर्यंत पोंचते.

आतां ब्रेकरचें काम कठीण कां, तें पाहूं. दोन धातूंचे तुकडे एकमेकांस टेकले कीं प्रवाह वाहतो, आणि दूर केले कीं थांबतो, अशी सर्वांची समजूत असते. २३० व्होल्टांच्या खटक्यांत ती बहुतेक खरी असते. एक बारीक ठिणगी उडते व संपते. मध्यम दाबाच्या ठिकाणीं तसें होत नाहीं. तुकडे दूर झाले तरी प्रवाह मधल्या जागेंतून वाहतच राहतो. तेथें ज्योत पेटते, तिला आर्क म्हणतात. तिचें उष्णतामान कित्येक हजार अंशांवर जातें, व त्या उष्णतेनें मधला वायु स्वतःच तारेसारखा वाहक बनतो. ही ज्योत विझविण्यास निसर्गाचें एक साहाय्य मिळतें. आपल्याकडील वीज प्रत्यावर्ती आहे. सेकंदांत तिचीं ५० आवर्तनें होतात, आणि १०० वेळां प्रवाह शून्यावर येतो. त्या प्रत्येक शून्याला ज्योत क्षणभर आपोआप विझते. पुढच्याच क्षणीं दाब पुन्हां चढूं लागतो. तेवढ्या अवधींत मधली जागा थंड व विद्युद्रोधक झाली, तर प्रवाह तुटला. नाहीं झाली, तर ज्योत पुन्हां पेटली. ब्रेकर म्हणजे ही शर्यत जिंकण्यासाठीं केलेली योजना होय.

शर्यत नेहमींच्या प्रवाहाशीं असती तरी बरें होतें. परंतु एखाद्या वाहिनीवर झाड पडलें, किंवा जमिनींतील केबल कुदळीनें फुटली, म्हणजे शेंकडों अँपिअरच्या जागीं हजारों अँपिअर धांवूं लागतात. अशा वेळीं २५,००० अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडण्याची शक्ति असलेले ब्रेकर उपकेंद्रांत सर्रास बसविलेले असतात. आणि हें काम त्यांना सेकंदाच्या एकदशांशाच्या आंत पुरें करावयाचें असतें. वर्षानुवर्षें कांहीं न करतां उभें राहावयाचें, आणि एका क्षणीं पूर्वसूचनेवांचून सर्व शक्ति एकवटून काम करावयाचें, अशी या यंत्राची नोकरी आहे. त्याची निगा राखण्यांतली सारी अडचण येथेंच आहे. चालणारें यंत्र कुरकुरतें, तापतें, अडखळतें व आपला आजार सांगतें. ब्रेकर उभा असतो तेव्हां निरोगी व रोगी दोघे सारखेच दिसतात.

ज्योत विझविण्यासाठीं माणसानें निरनिराळीं माध्यमें वापरून पाहिलीं, आणि प्रत्येक माध्यमाबरोबर निगेची रीत बदलली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेलाचा ब्रेकर प्रमुख होता. त्यांत दोन्ही तुकडे खनिज तेलांत बुडविलेले असतात. ज्योतीच्या उष्णतेनें तेलाचें विघटन होऊन मुख्यत्वें हायड्रोजन वायु निघतो, आणि तो ज्योतीची उष्णता झपाट्यानें ओढून घेतो. परंतु प्रत्येक तोडणीबरोबर तेलांत काजळी उतरते, आणि हवेंतील ओलावाही त्यांत हळूहळू शिरतो. म्हणून अशा ब्रेकरच्या तेलाचा नमुना टाकीच्या तळाकडून काढतात, कारण पाणी तळाशीं बसतें. मग अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन गोळ्यांमध्यें तो नमुना ठेवून किती दाबाला तें तेल फुटतें हें पाहतात. तेल उतरलेलें आढळलें तर तें गाळून घेतात किंवा बदलतात. ज्योत झेलणाऱ्या तुकड्यांवर पडलेले खळगे हलक्या हातानें घांसून सारखे करतात. मात्र ज्या पृष्ठांवर चांदीचा मुलामा असतो त्यांना कानस कधींही लावीत नाहींत, कारण मुलामा गेला कीं सांधा तापूं लागतो. टाकी उघडतांना जवळ ज्योत किंवा विडी असतां कामा नये. सांचलेला हायड्रोजन हवेंत मिसळला कीं त्याचा स्फोट होतो.

दुसरें माध्यम म्हणजे सल्फर हेक्झाफ्लोराइड नांवाचा वायु. १९०० सालीं फ्रान्समध्यें म्वासाँ व लेबो या रसायनशास्त्रज्ञांनीं तो प्रथम तयार केला. हवेच्या पांचपट जड, रंग नाहीं, वास नाहीं, आणि ज्योत विझविण्यांत हवेहून कितीतरी सरस. हा ब्रेकर बंदिस्त असतो. त्याच्या निगेंत वायूचा दाब पाहणें हें पहिलें काम. दाब ठराविक मर्यादेखालीं गेला तर यंत्र स्वतःला अडकवून घेतें व हालण्याचें नाकारतें. अशा वेळीं कळ सोडवून जबरदस्तीनें तें उघडूं पाहणें म्हणजे पुरेशा वायूवांचून ज्योत पेटविणें होय. शुद्ध असतांना हा वायु विषारी नाहीं. परंतु जड असल्यामुळें तो केबलच्या खंदकांत सांचून राहतो व तेथील हवा हुसकावून लावतो. खंदकांत उतरलेला माणूस गुदमरतो तो यामुळें. ज्योतीनें विघटित झालेल्या वायूंतून मात्र विषारी व दाहक द्रव्यें निघतात, आणि उघडलेल्या कक्षांत पांढुरकी भुकटी दिसते. तिला उघड्या हातानें स्पर्श करूं नये. शिवाय हा वायु वातावरणांत सोडणेंही योग्य नव्हे. शंभर वर्षांच्या हिशेबानें तो पृथ्वीला तापविण्यांत कार्बन डायऑक्साइडच्या २३,००० पटींहून अधिक समर्थ आहे. म्हणून दुरुस्तीच्या वेळीं तो यंत्रानें ओढून पुन्हां नळकांड्यांत भरतात. युरोपीय संघानें २४,००० व्होल्टांपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्यें असे फ्लोरीनयुक्त वायु वापरण्यास २०२६ च्या आरंभापासून बंदी घातली आहे.

तिसरें माध्यम म्हणजे निर्वात पोकळी. ती कल्पना १९२६ सालीं कॅलिफोर्नियांतील सोरेन्सन व मेंडेनहॉल यांनीं प्रयोगानें दाखविली. परंतु वर्षानुवर्षें निर्वात टिकून राहील अशी कुपी बनविण्याची कला साधण्यास कित्येक दशकें लागलीं. आज मध्यम दाबाच्या नव्या कामांत बहुधा हाच ब्रेकर असतो. चिनीमातीच्या बंद कुपींत तांबें व क्रोमियम यांच्या मिश्रणाचे दोन तुकडे असतात. ११,००० व्होल्टांसाठीं ते सुमारें एक सेंटिमीटरच दूर जातात, आणि तेवढें पुरतें. ही कुपी उघडतां येत नाहीं, दुरुस्तही करतां येत नाहीं. तुकडे किती झिजले हें बाहेरच्या खुणेवरून मोजतात. झीज कारखान्यानें सांगितलेल्या मर्यादेला, म्हणजे बहुधा दोनतीन मिलिमीटरला, पोंचली कीं कुपी बदलावयाची. आंत निर्वात शिल्लक आहे कीं नाहीं हें पाहण्यास तुकडे उघडे ठेवून त्यांवर मोठा दाब देतात. निर्वात गेलेली कुपी तो दाब सोशीत नाहीं. हा प्रयोग चालूं असतां अगदीं जवळ उभें राहूं नये, कारण मोठ्या दाबाखालीं अशा कुपींतून क्ष-किरण निघूं शकतात.

हा ब्रेकर आला तेव्हां त्याला देखभाल लागत नाहीं असा समज पसरला, आणि त्या समजानें बरेंच नुकसान केलें. देखभाल कुपीला लागत नाहीं हें खरें. परंतु कुपी स्वतः उघडत नाहीं. तिला उघडणाऱ्या स्प्रिंगा, दांडे, खिट्या व चाकें बाहेरच असतात, आणि त्यांना वंगण लागतें. पान कां सडलें, घोडा कां अडला, भाकरी कां करपली, या तिन्ही प्रश्नांचें एकच उत्तर लहानपणीं प्रत्येक मराठी मुलानें दिलेलें असतें: फिरविलें नाहीं म्हणून. ब्रेकर कां अडला, याचेंही उत्तर बहुधा तेंच असतें. दोनदोन तीनतीन वर्षें तो एकाच स्थितींत उभा राहतो. वंगण सुकून राळेसारखें चिकट होतें. आणि दोष घडतो तेव्हां खिटी सुटण्यास जो वेळ लागूं नये तो लागतो. नव्या ब्रेकरचे तुकडे आज्ञा मिळाल्यापासून पन्नाससाठ सहस्रांश सेकंदांत अलग होतात. त्या जागीं दुप्पट-तिप्पट वेळ लागला तर तेवढा वेळ हजारों अँपिअरचा प्रवाह केबल व रोहित्र भाजून काढीत असतो.

येथें परीक्षेची एक बारकाई सांगितली पाहिजे. सुस्तावलेला ब्रेकर पहिल्या वेळींच सुस्त असतो. एकदां हालला कीं सुकलेलें वंगण मोकळें होतें, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळीं तो निरोगी यंत्रासारखा चालतो. म्हणून जाणता अभियंता देखभालीच्या दिवशीं मोजणीचें उपकरण आधीं जोडून घेतो, आणि पहिल्या उघडण्याचाच वेळ टिपतो. ज्यानें सहज म्हणून ब्रेकर दोनतीन वेळां उघडझांप करून पाहिला व मग उपकरण जोडलें, त्यानें रोगाचा पुरावा आपल्याच हातानें पुसून टाकला. त्याच्या वहींत 'ठीक' असा शेरा पडतो, आणि पुढल्या पावसाळ्यांत तोच ब्रेकर पुन्हां पहिल्यांदा उघडावयाचा असतो.

यंत्रणेवर काम करतांना स्प्रिंगांचाही विसर पडूं नये. ब्रेकर जोडण्याची शक्ति मोटरीनें किंवा दांड्यानें ताणलेल्या स्प्रिंगेंत सांठविलेली असते. वीज संपूर्ण तोडली तरी ती शक्ति तेथेंच राहते. ताण उतरविल्याशिवाय आंत हात घातला आणि खिटी निसटली, तर बोटें जाण्यास विजेची गरज पडत नाहीं.

ब्रेकरला उघडण्याची आज्ञा देणारें यंत्र निराळें असतें. त्याला रिले म्हणतात. तें प्रवाह मोजतें व मर्यादा ओलांडली कीं ब्रेकरच्या सुटकेची कॉइल चेतवितें. या कॉइलला वीज बॅटरींतून मिळते. कारण दोष घडतो त्या क्षणीं उपकेंद्राची नेहमींची वीज ढासळलेली असूं शकते. यावरून बॅटरीचें महत्त्व ध्यानांत येईल. लाखों रुपयांचा ब्रेकर, आणि कोपऱ्यांतील खोलींत क्षार चढलेली बॅटरी, अशी जोडी जेथें असेल तेथें ब्रेकर नसल्यासारखाच आहे. त्या ठिकाणीं दोष तोडण्याचें काम मागच्या उपकेंद्रावर पडतें. तेथील ब्रेकर उशिरानें उघडतो, आणि एका वाहिनीऐवजीं सारा तालुका अंधारांत जातो. नुसता व्होल्टमीटर लावून बॅटरीची परीक्षा होत नाहीं; भार देऊन तिचा दाब टिकतो कीं नाहीं हें पाहावें लागतें.

रिलेचा दोष ब्रेकरच्या दोषाहूनही गुप्त असतो. २८ ऑगस्ट २००३ रोजीं सायंकाळीं लंडनच्या दक्षिण भागांतील वीज अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ गेली, आणि चार लाखांवर ग्राहक व भुयारी रेल्वेचे प्रवासी अडकले. ती मोठ्या दाबाच्या वाहिन्यांवरची घटना होती. परंतु तिचा धडा सर्वच दाबांना लागूं आहे. एका ठिकाणीं धोक्याची सूचना मिळाल्यावरून सामग्री बाजूला काढण्यांत आली. त्यामुळें दुसऱ्या वाहिनीवरचा भार वाढला. हा भार त्या वाहिनीच्या आवांक्यांतला होता. तरीही तिच्या रिलेनें तिला तोडलें. चौकशींत आढळलें कीं, २००१ सालीं जुनी सामग्री बदलतांना ५ अँपिअरच्या जागीं १ अँपिअरचा रिले बसविला गेला होता. दोन वर्षें तो चुकीचा भाग तेथें होता, आणि दोन वर्षें कोणालाही कळलें नव्हतें; कारण त्याच्यावर तशी वेळच आली नव्हती. यासाठीं रिलेंत कृत्रिम प्रवाह सोडून तो नेमक्या किती प्रवाहाला व किती वेळानें चालतो हें मोजणें, आणि तें मोजमाप मूळ आराखड्याशीं ताडून पाहणें, हें देखभालीचें अंग आहे. तार जोडली आहे, दिवा लागला आहे, एवढ्यानें भागत नाहीं.

आपल्या देशांत स्विचगिअरचा मोठा शत्रु म्हणजे ओलावा. कोंकणांत पावसाळ्याच्या रात्रीं कपाटाचा पत्रा थंड होतो व आंत दंव धरतें. विद्युद्रोधकांवर धूळ व दंव मिळून जो पातळ लेप बसतो त्यावरून वीज पाझरूं लागते. आरंभीं ती दिसत नाहीं, ऐकूं येते. बारीक सूं सूं असा आवाज, विजा चमकल्यावर हवेंत येतो तसा ओझोनचा उग्र वास, तांब्यावर हिरवट डाग, रोधकांवर पांढरी भुकटी, हीं तिचीं लक्षणें. माणसाच्या कानाला न ऐकूं येणारे सूक्ष्म ध्वनि टिपणारीं उपकरणें आतां मिळतात, आणि कपाट न उघडतां हा रोग ओळखतां येतो. उपाय साधे आहेत: कपाटांतील तापकाचा दिवा जळता आहे कीं नाहीं हें पाहणें, दाराचें रबर बदलणें, आणि केबल जेथून वर येते तें भोंक नीट बुजविणें. त्या भोंकांतून ओल येते, उंदीर येतो, पाल येते, आणि त्यांच्यामागें सापही येतो. एक पाल दोन तारांच्या मध्यें आली तर ती स्वतः मरते, आणि सबंध गांवाची वीज घालविते. ही बुजवाबुजव मे महिन्यांत झाली पाहिजे. जूनमध्यें ती करण्यास कोरडी हवा मिळत नाहीं.

आतां या कामांतील सर्वांत गंभीर गोष्टीकडे वळूं. दुरुस्ती करणारा माणूस ज्या धातूला हात लावणार, त्यांत वीज नाहीं हें त्यानें कशावरून मानावें? कोणीतरी सांगितलें म्हणून? मराठींत याबाबत एक विलक्षण अडचण आहे. 'बंद' हा आपला शब्द. दिवा बंद कर म्हणजे वीज तोड. परंतु इंग्रजी यंत्रग्रंथांत ब्रेकर मिटला, बंद झाला, म्हणजे त्याचे तुकडे जुळले व वीज चालूं झाली. आणि उघडला म्हणजे वीज तुटली. पुस्तक वाचून आलेला अभियंता व अनुभवानें शिकलेला वायरमन दूरध्वनीवर बोलत आहेत, आणि एकानें 'ब्रेकर बंद आहे' असें म्हटलें, तर त्या तीन शब्दांच्या वाक्याचे दोन अर्थ होतात. एका अर्थानें माणूस सुखरूप घरीं जातो, दुसऱ्या अर्थानें जात नाहीं. म्हणून चांगल्या उपकेंद्रांत नुसत्या 'चालू-बंद'वर काम होत नाहीं. वाहिनीचें नांव, ब्रेकरचा क्रमांक, आणि वीज तोडली कीं जोडली हें स्पष्ट सांगतात. ऐकणारा तें जसेंच्या तसें परत म्हणून दाखवितो. दोन्ही बाजूंस तें वेळेसह वहींत लिहिलें जातें. आणि मगच परमिट, म्हणजे काम करण्याचा लेखी परवाना, हातांत पडतो.

परंतु परवाना हाही शेवटीं कागद आहे. त्यानंतरचा क्रम ठरलेला असतो, आणि त्यांतील एकही पायरी दुसरीच्या बदल्यांत चालत नाहीं. पहिली पायरी, ब्रेकर उघडून त्याची गाडी कपाटाबाहेर ओढणें किंवा आयसोलेटर उघडणें, म्हणजे तुटलेली जागा डोळ्यांनीं दिसावी. दुसरी, तेथें कुलूप घालून किल्ली काम करणाऱ्यानें आपल्याजवळ ठेवणें व सूचनेची पाटी लावणें. तिसरी, वीज नाहीं याची उपकरणानें परीक्षा. आणि हें उपकरण आधीं जिवंत तारेवर चालवून पाहावयाचें, मग कामाच्या जागीं, आणि पुन्हां जिवंत तारेवर. कारण बिघडलेलें उपकरणही 'वीज नाहीं' असेंच सांगतें. चौथी, तिन्ही तारा एकमेकींस व जमिनीस जाड तांब्याच्या दोरांनीं जोडणें. लांब केबलींत वीज तोडल्यावरही भार सांचून राहतो, तो यानें उतरतो. पांचवी, शेजारच्या जिवंत भागांवर आच्छादन घालणें. ब्रेकरची गाडी बाहेर काढली कीं तिच्या मागचीं तोंडें पत्र्याच्या झडपांनीं झांकलीं जातात. केबलच्या बाजूचीं तोंडें मृत असलीं तरी बस-बारच्या बाजूचीं जिवंतच असतात, आणि दोन्ही झडपा दिसण्यांत सारख्या असतात. साफसफाईच्या भरांत चुकीची झडप उचलणें हा या कामांतला जुना व भयंकर अपघात आहे.

तारांना जमिनीशीं जोडण्याचा आग्रह कां, हें सामान्य ग्राहकानेंही समजून घेतलें पाहिजे, कारण त्यांत त्याचा हात आहे. रोहित्र हें दोन्ही दिशांनीं चालणारें यंत्र आहे. वरून ११,००० व्होल्ट दिले तर खालीं सुमारें ४०० मिळतात. तसेंच खालून ४०० दिले तर वर ११,००० उभे राहतात. वीज गेली म्हणून एखाद्या दुकानदारानें आपलें जनित्र सुरू केलें, आणि घरची वाहिनी मुख्य वाहिनीपासून तोडणारा बदल-खटका बसविण्याचा खर्च वांचविला, तर त्याची वीज उलट वाहत जाऊन खांबावरच्या माणसाला गांठूं शकते. उपकेंद्रांतील ब्रेकर त्या वेळीं उघडा असतो, कुलूपही असतें, आणि मृत्यु दुसऱ्याच बाजूनें येतो. छपरावरील सौर संच वाहिनी मेली कीं स्वतः थांबतील अशा रीतीनें बनविलेले असतात. तरीही शहाणा लाइनमन त्यांवर विसंबत नाहीं. तो कामाच्या जागेच्या दोन्ही अंगांस तारा जमिनीशीं जोडतो व मगच हात लावतो.

प्रत्यक्ष दुरुस्तींत निदान हा अर्धा भाग असतो. ब्रेकरच्या जुळलेल्या तुकड्यांतून १०० अँपिअरचा एकदिश प्रवाह सोडून त्यांचा रोध मोजतात. तो ओहमच्या दशलक्षांश भागांत येतो. नुसत्या आंकड्यावरून निर्णय होत नाहीं. तिन्ही तारांचे आंकडे शेजारीं ठेवून पाहतात. समजा, दोन तारांचा रोध चाळीसच्या आसपास आहे आणि तिसरीचा एकशेंवीस, तर दुखणें तिसरींत आहे. मेगरनें रोधकांची परीक्षा करतात तेव्हांही त्या दिवसाची हवा किती दमट होती हें लिहून ठेवून, गेल्या वर्षींच्या आंकड्याशीं तुलना करतात. बोल्ट आवळतांना मनगटाच्या जोरावर न जातां मापाचा पाना वापरतात; कमी आवळलेला सांधा तापतो, आणि जास्त आवळलेला बोल्ट ताणून निकामी होतो. काम संपलें कीं हत्यारें मोजून घेतात, जमिनीचे दोर मोजून काढतात, आणि प्रत्येक माणूस बाहेर आल्याची खात्री झाल्यावर परवाना परत करतात. विसरलेला एक पाना किंवा न काढलेला एक दोर, वीज जोडतांच दिवसाची सर्व मेहनत आगींत घालतो.

या साऱ्या कामाला वेळ लागतो, आणि तो वेळ वीज तोडूनच मिळतो. सुटीच्या दिवशीं चार तास वीज नसेल अशी सूचना आली कीं गिरणीवाला कुरकुरतो, गृहिणी त्रासते, व कचेरींत दूरध्वनी वाजूं लागतात. मग अधिकारी देखभाल पुढें ढकलतो. पुढें ढकललेली देखभाल कोणाला दिसत नाहीं. ब्रेकर कालच्यासारखाच उभा असतो, दिवे कालच्यासारखेच जळतात. ती दिसते एखाद्या वादळी रात्रीं, आणि तेव्हां चार तासांच्या जागीं चार दिवस जातात. त्याहून वाईट गोष्ट ही कीं, त्या रात्रीं भर पावसांत, लोकांच्या तगाद्याखालीं, घाईनें दुरुस्ती करावी लागते. आणि घाईंत जी पायरी प्रथम गळते, ती वीज नाहीं याची परीक्षा करण्याची असते.

यासाठीं श्रोत्यांकडून दोनच अपेक्षा आहेत. ज्यांच्या घरीं किंवा दुकानीं जनित्र आहे त्यांनीं योग्य बदल-खटका परवानाधारक माणसाकडून बसवून घ्यावा. आणि पावसाळ्यापूर्वीं वीज तोडण्याची सूचना येईल तेव्हां ती निमूटपणें सोसावी. त्या चार तासांत उपकेंद्रांतील कोणीतरी एक सुस्त खिटी मोकळी करीत असतो, आणि ती वेळेवर सुटली तर पुढल्या वादळांत आपल्या वस्तीचे दिवे कशामुळें वांचले हें कोणाला कळणारही नाहीं.